मारी देवळातच जाईल

सकाळी सव्वासातला ग्लोरियाचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या घरी, गॅलरीत, कुणाच्या तरी आत्मचरित्राची मुद्रितं तपासत बसलो होतो. "सावंतकाका..." एवढं म्हणून ती थांबली. पलीकडे कपबश्यांचा आवाज येत होता, कुणीतरी चहा करत असावं. मग म्हणाली, "काका, बाय गेली. झोपेतच. मी चहा घेऊन गेले तर..." ग्लोरिया ही कादंबरीकार फिलोमिना मिस्किटा यांची भाची, धाकट्या भावाची मुलगी. लग्न न केलेल्या या आत्याला अख्खं घर बाय म्हणायचं, आणि वाकोल्याचं अर्धं गावठाण फिलूबाय म्हणायचं. मीही फिलूबायच म्हणत आलो. बाय म्हटलं की पाठोपाठ तू येतंच, म्हणून या लेखातही मी 'ती' असंच लिहिणार आहे. आदरार्थी बहुवचन लिहिलं असतं तर ते तिने पेन्सिलीने खोडून समासात काहीतरी झोंबणारं लिहिलं असतं.

तिच्या जाण्यानंतर आठ दिवसांनी पार्ल्यातल्या एका सभागृहात शोकसभा झाली. भाषणं चांगली झाली. अध्यक्ष ज्येष्ठ होते, नाव सांगत नाही. ते शेवटी उठले आणि गहिवरून म्हणाले, "ख्रिस्ती असूनही फिलोमिनाबाईंनी किती सुंदर मराठी लिहिलं!" लोकांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे टिपले. मी मुद्रितशोधक आहे, चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडून पोट भरलं. पण त्या संध्याकाळी समोर एवढी मोठी चूक झाली आणि मी खुर्चीत गप्प बसून राहिलो. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. 'असूनही' कशाला? तिच्या घराण्याच्या किती पिढ्या याच मातीत, याच भाषेत जन्मल्या आणि पुरल्या गेल्या. तिने मराठी शिकून घेतलं नव्हतं, तुमच्या-माझ्यासारखंच आईच्या दुधाबरोबर घेतलं होतं. कुणी कधी म्हणतं का, हिंदू असूनही चांगलं मराठी लिहितो? तेव्हा हा लेख श्रद्धांजली वगैरे समजू नका. त्या एका शब्दाची ही उशिरा केलेली दुरुस्ती आहे. आणि दुरुस्ती करणारा धुतल्या तांदळासारखा आहे असंही नाही, कारण तीसेक वर्षांपूर्वी हाच गुन्हा मीही केला होता, आणि तोही लेखी.

तेव्हा मी घाटकोपरच्या एका छापखान्यात होतो. एका नव्या लेखिकेच्या पहिल्या कादंबरीची मुद्रितं माझ्याकडे आली. नाव 'साथीचा क्रूस'. प्लेगच्या दिवसांतली गोष्ट. मुंबईच्या उत्तरेकडच्या एका गावठाणातली मारी नावाची मुलगी, तिची आई, आणि साथ टळावी म्हणून गावाने विहिरीजवळ उभारलेला क्रूस. माणसं ख्रिस्ती, पोर्तुगिजांच्या काळात धर्म बदललेली; पण बोलणं आपल्या कोळी-आगऱ्यांच्या जवळचं. ती मारी पानापानावर म्हणत होती, "आय, मी देवलान जाऊन येतंय." मी थबकलो. बाप्तिस्मा झालेली मुलगी देवळात कशी जाईल? लेखिकेची नजरचूक, दुसरं काय! संवादात 'ळ'च्या जागी आलेलं 'ल' मी बोलीभाषा म्हणून सोडून दिलं, पण देऊळ काही सोडलं नाही. लाल पेन घेतलं आणि पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत, दिसेल तिथे, शंभरेक ठिकाणी देऊळ खोडून 'चर्च' केलं. देवळाची घंटा, देवळाची पायरी, देवळातला फादर... सगळं साफ. काम संपवून समाधानाने हात झटकले. मालकांनी पाठही थोपटली, कारण अशी चूक छापली गेली असती तर छापखान्याची शोभा झाली असती.

तीन दिवसांनी एक बाई छापखान्यात आल्या; तेव्हा ती माझ्यासाठी अजून 'त्या'च होती. ठेंगण्या, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला महापालिकेच्या शाळेतल्या मास्तरणींकडे असते तशी गच्च भरलेली पिशवी. टेबलांमधून सरळ माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "माझ्या आईला देवळातून बाहेर काढणारे तुम्हीच का?" मला काही कळेना. त्यांनी मुद्रितांचा गठ्ठा माझ्यासमोर आपटला. मी उभा राहून, घसा खाकरून, ख्रिस्ती धर्मीयांच्या प्रार्थनास्थळाला मराठीत काय म्हणतात ते त्यांना समजावू लागलो. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" म्हटलं, मालवणजवळ. "आई आहे?" आहे. "मग सकाळी देवदर्शनाला निघाली की काय म्हणते ती?" मी म्हटलं, "म्हणते, देवळात जावन येतंय."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि माझं मलाच ऐकू आलं. देवळात जावन येतंय. देवलान जाऊन येतंय. रोज सकाळी माझी आई उंबऱ्यावर उभी राहून जे म्हणायची, तेच मारीच्या तोंडात होतं आणि ते मी शंभर वेळा लाल शाईने खोडलं होतं. बाई म्हणाल्या, "माझी आईही मरेपर्यंत देऊळच म्हणत होती. आमच्याकडे तो शब्द कुणी उसना आणलेला नाही. देव बदलला, देवळाचं नाव नाही बदललं. आता मला सांगा, तुमच्या आईला एक शब्द आणि माझ्या आईला दुसरा, हे कुणी ठरवलं? तुम्ही?" अख्खा छापखाना आमच्याकडे बघत होता. मी म्हटलं, "चुकलो बाई." त्या पुढची खुर्ची ओढून बसल्या, पिशवीतून पेन्सिल काढली आणि म्हणाल्या, "तुम्ही शंभरदा खोडलंय ना? मग शंभरदा परत लिहायचं. बसा." दुपारभर आम्ही तेच केलं. एकेका 'चर्च'खाली रेघ, वर देऊळ. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा मी लिहीत होतो आणि बाई मोजत होत्या.

पुढच्या पुस्तकापासून तिने एक पद्धतच घालून दिली. मुद्रितं मनातल्या मनात वाचायची नाहीत. रविवारी सकाळी मी वाकोल्याला जायचं, तिच्या घराच्या ओट्यावर दोघांनी बसायचं, मी मोठ्याने वाचायचं आणि तिने हस्तलिखितावर बोट ठेवून ऐकायचं. संवाद आला की मी पुस्तकी आवाजात वाचायला लागायचो. ती लगेच अडवायची, "अरे सावंत, ही म्हातारी मासे साफ करतेय, भाषण नाही करत. पुन्हा वाच." मी पुन्हा वाचायचो. शेजारून जाणाऱ्या बायका थांबायच्या, एखादी ऐकून म्हणायची, "फिलूबाय, असं नाय बोलत आपण, आपण असं बोलतो," आणि ती तिथल्या तिथे वाक्य बदलायची. मासे विकणारी एक कोळीण तर टोपली खाली ठेवून अर्धं प्रकरण ऐकून जायची आणि नायिकेला नवरा कसला मिळाला यावरून चिडायची. एक दिवस फिलूबायने मला विचारलं, "घरी आईशी मालवणीत बोलतोस, मग इथे असा रेडिओवरच्या बातम्यांसारखा का बोलतोस रे?" मी म्हटलं, शाळेत मास्तरांनी सुधारलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझंही मुद्रित कुणीतरी तपासलंय. आणि तू ते तसंच छापू दिलंस." मला राग आला होता. पण त्या रात्री आईशी फोनवर बोलताना मी ऐकत होतो, मी कसा बोलतो ते.

आता तिच्या लेखनाबद्दल, कारण शोकसभेत त्याबद्दल कुणी धड बोललंच नाही. सगळे तिच्या साधेपणाबद्दल बोलले, आणि ती काही एवढी साधी नव्हती. ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की आपल्याकडे तलवारी आणि संस्कृतप्रचुर संवाद. 'साथीचा क्रूस'मध्ये एकही मोठा माणूस नाही. इतिहास येतो तो लोकांच्या दारावर थाप मारत. साथीच्या काळात सरकारची माणसं घरोघर फिरून तापाचे रोगी उचलून छावणीत न्यायची, आणि नेलेलं माणूस बहुधा परत यायचं नाही, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत वाचतो. तिने त्या दोन ओळींतली भीती लिहिली. भाकरीच्या पिठात लपवलेली औषधाची पुडी, तापलेल्या कपाळावर कुंकवाऐवजी क्रूस काढणारा अंगठा, आणि शेजारच्या हिंदू घरात लपवून ठेवलेलं ख्रिस्ती पोर... तिने एका ओळीतही आपण सगळे एक आहोत असं लिहिलं नाही. पोर लपवलं, एवढंच लिहिलं. पुढे 'सर्व्हे नंबर' आली. ती आजची, तिच्याच गावठाणातली; बाहेरून लाकडी जिना असलेल्या एका जुन्या घरात राहणाऱ्या तीन बहिणी आणि चारही बाजूंनी वर चढत आलेले टॉवर. बहिणींपैकी एक विकायला तयार, एक नाही, आणि मधलीला दोघी हव्यात. तिन्ही बाजू इतक्या खऱ्या उतरल्यात की मला अजून ठरवता आलेलं नाही कोण बरोबर होतं. 'खाट क्रमांक नऊ'मधली गोवंडीची नर्स तर मराठीतल्या सर्वांत विनोदी बायकांपैकी एक आहे, आणि हे मी मैत्रीखातर म्हणत नाही.

मैत्रीखातर मी काय म्हणतो आणि काय नाही, याचा तिला अनुभव होता. तिचे पुरुष तिला नीट कधी लिहिता आले नाहीत. ते एकतर दारू पितात नाहीतर गप्प बसतात. नर्सच्या कादंबरीत शेवटचं प्रकरण म्हणजे चक्क प्रवचन झालं होतं आणि मी वाचता वाचता ओट्यावरच म्हणालो, "फिलूबाय, हे फादरला दे, रविवारी वाचून दाखवतील." तिने हस्तलिखित मिटलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. चार महिने बोलली नाही. मग एक दिवस मुलुंडला पार्सल आलं. आत बाटलीतला मसाला, सुक्या बोंबलाची चटणी आणि ते शेवटचं प्रकरण, अकरा पानांवरून दीड पानावर आणलेलं. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, "फादरनी घेतलं नाही."

'देऊळ'वरून मात्र तिने कधीच माघार घेतली नाही. 'साथीचा क्रूस' प्रसिद्ध झाल्यावर दोन पत्रं आली होती. एक तिच्याच समाजातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांचं. त्यांनी लिहिलं होतं की देऊळ हा शब्द मूर्तिपूजकांचा आहे, शिकलेल्या बाईने असे अडाणी शब्द पुस्तकात घालून समाजाला मागे ओढू नये. दुसरं एका वाचकाचं. त्याचं म्हणणं की देऊळ हा आमचा शब्द आहे, ख्रिश्चनांना तो वापरायचा काय अधिकार? फिलूबायने दोन्ही पत्रं माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. खदाखदा हसली. मग दोन पाकिटं आणवली, गृहस्थांचं पत्र त्या वाचकाला पाठवलं आणि वाचकाचं त्या गृहस्थांना. सोबत दोघांनाही एकच चिठ्ठी: "आपलं दोघांचं एकमत झालेलं दिसतं. कृपया एकमेकांना भेटावं, मला लिहायचं आहे." भेटले की नाही ठाऊक नाही. तिला मात्र पुन्हा पत्रं आली नाहीत.

संमेलनांत तिला बोलावत, पण दर वेळी एकाच परिसंवादात: 'ख्रिस्ती मराठी साहित्य'. कादंबरीवरच्या परिसंवादात कधीच नाही. दोन-तीनदा ती गेली. मग तिने कळवून टाकलं की कादंबरीच्या परिसंवादात बोलावणार असाल तर येते, नाहीतर मी प्रेक्षकांत बसेन. आणि खरंच बसायची! पुढच्या रांगेत, मांडीवर पिशवी, आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली की हात वर. एका समीक्षकांनी 'सर्व्हे नंबर'चा उल्लेख 'एका लहान समाजाचं मौल्यवान दस्तऐवजीकरण' असा केला, तेव्हा तिने उभी राहून सांगितलं, "दस्तऐवज तहसीलदाराकडे मिळतो साहेब. मी कादंबरी लिहिली आहे. ती वाईट असेल तर वाईट म्हणा, पण कादंबरी म्हणा." सभागृहात हशा झाला. समीक्षकही हसले, पण त्यांच्या पुढच्या पुस्तकातही ते वाक्य तसंच होतं. हे सगळं आठवतं आणि वाटतं, ती रागीट होती असं म्हणणाऱ्यांनी तिच्या जागेवर एक दुपार तरी बसून बघावं.

गेल्या वर्षी तिचं हृदय कुरकुरायला लागलं. घराचा लाकडी जिना चढणं बंद झालं, ती खालच्या खोलीत राहू लागली. त्याच सुमाराला 'साथीचा क्रूस'ची नवी आवृत्ती काढायचं ठरलं. जुने प्रकाशक वारले होते; नवे संपादक निनाद म्हणून एक तरुण गृहस्थ, अगदी सभ्य, तिची सगळी पुस्तकं वाचलेले. ती जाण्याच्या थोडेच दिवस आधी त्यांनी पत्र पाठवलं. बाकी सगळं कौतुक होतं आणि शेवटी एक विनंती: आजकाल कुणाच्या भावना कशाने दुखावतील सांगता येत नाही, तेव्हा देऊळ या शब्दाऐवजी सर्वत्र चर्च करावं का? संगणकावर एका मिनिटाचं काम आहे. अर्थ बदलत नाही, वाद टळतो. फिलूबायने ते पत्र मला वाचून दाखवायला सांगितलं. मी दात-ओठ खात वाचलं. मला वाटलं ती भडकेल. ती उशीला टेकून पडली होती, शांतपणे म्हणाली, "तुला अख्खी दुपार लागली होती रे. ह्याला एक मिनिट." मी म्हटलं, मी बघतो, मी असताना कोण बदलतो. ती म्हणाली, "तू? तूच तर पहिला होतास." आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. पाणी प्यायल्यावर म्हणाली, "मी नाही म्हणून कळवलंय. पण मी आज आहे, उद्या नाही. मग सही ग्लोरियाची. आणि ग्लोरियाला मराठी धड वाचायला येत नाही." ती आमची शेवटची भेट. तिने मला कसलंही वचन मागितलं नाही. निरोप घेताना एवढंच म्हणाली, "येताना बोंबील आणू नकोस, डॉक्टरने बंद केलेत."

शोकसभेनंतर चार दिवसांनी निनादचा फोन आला. ते खरंच हळहळले होते. पण आता पुस्तकाला मागणी आहे, लवकर आणायला हवं, आणि तो एक शब्द... भाचीबाईंशी बोलणं झालंय, त्यांची हरकत नाही असं दिसतंय. मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि वाकोल्याला गेलो. ग्लोरिया अंधेरीला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. इंग्रजी शाळेत शिकलेली, हुशार, बायचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं. मी जरा तावातावानेच बोललो असेन. ती म्हणाली, "काका, चिडू नका ना. मी पण चर्चच म्हणते. माझे फ्रेंड्स, माझे कझिन्स, सगळे चर्चच म्हणतात. एका शब्दासाठी बुक अडकून राहिलं तर बायला आवडेल का? उगाच कोणी दगड मारले तर घर माझं आहे, मी एकटी राहते इथे." भीती तिची होती आणि ती खोटी नव्हती. मी मुलुंडला बसून शूर होतो.

मग मी तेच केलं जे मला येतं. म्हटलं, "सही कर, पण आधी एक प्रकरण ऐक. तुझ्या आत्याने मला असंच वाचायला लावलं होतं." आम्ही ओट्यावर बसलो. मी साथीतलं ते प्रकरण काढलं. मारीची आई तापाने फणफणलेली आहे. सरकारी माणसं गावात शिरल्याची कुजबुज आहे. मारी तिला बजावते, "आय, मी देवलान जाऊन येतंय. दार लावून घे. कुनीपन हाक मारली तरी उघरू नको." मी मारीच्या आवाजात वाचत होतो, बातम्यांच्या नाही, एवढी वर्षं उगाच नाही गेली. ग्लोरिया मध्येच म्हणाली, "काका, ही तर ग्रॅनी बोलतेय." मी थांबलो नाही. मारी जाते. देऊळ सरकारी हुकमाने बंद आहे. ती बाहेरच्या पायरीवर गुडघे टेकते आणि परत फिरते. इकडे दारावर थाप पडते. आई उघडत नाही. पुन्हा थाप. आई उघडत नाही. मग बाहेरून गावातल्याच, सरकारी माणसांना वाट दाखवणाऱ्या एकाचा आवाज येतो, "मावशे, मी देवलातना आलोय." आणि म्हातारी उठते, भिंतीला धरत धरत येते, आणि कडी काढते.

मारी परत येते तेव्हा दार उघडं असतं. प्रकरण तिथे संपतं.

समोरच्या गल्लीतून कुणीतरी स्कूटर ढकलत नेत होतं. मग ग्लोरियाने माझ्या हातातून पान घेतलं, बोट ठेवून एकेक अक्षर लावत ते वाक्य शोधलं आणि विचारलं, "इकडे चर्च टाकणार ते?" मी म्हटलं, हो, सगळीकडेच. "पण मग ती दार कशाला उघडेल? तिला कळलं पाहिजे ना की आपलाच माणूस आहे! चर्चमधून आलोय म्हटलं तर तिला वाटेल कोणी साहेब आहे. ती नाही उघडणार काका. मग स्टोरीच नाही." तीस वर्षांपूर्वी मी हेच वाक्य लाल शाईने दुरुस्त केलं होतं. मला तेव्हा हे दिसलं नव्हतं, आणि जिला मराठी धड वाचता येत नाही तिला एकदा ऐकून दिसलं. मी तिला तसं सांगितलं. ती रडत होती, पण तिचा चेहरा मात्र हुबेहूब बायचा झाला होता, छापखान्यात गठ्ठा आपटला तेव्हाचा.

फोन तिने माझ्यासमोरच लावला. निनादना म्हणाली, "सर, एक पण वर्ड बदलायचा नाही. नाही, मागे अर्थ देणारी ग्लॉसरी पण नको. ज्याला नाही कळणार तो विचारेल कोणालातरी." तिकडून ते काही समजावत असावेत. ग्लोरियाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला पण भीती वाटते ना सर. पण तुमच्या भीतीसाठी मी माझ्या ग्रॅनीला चुकीचं बोलायला नाही लावणार. नाही छापलंत तरी चालेल. मी दुसऱ्याला देईन." ते दुसऱ्याला द्यावं लागलं नाही. निनाद भला माणूस आहे, दोन दिवसांनी त्यांनी जुन्या आवृत्तीबरहुकूम मुद्रितं पाठवली. मी ती तपासली. मारी शंभराच्या शंभर वेळा देवळात गेली.

ज्यांना अजूनही 'असूनही' म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं. आता निदान समोर बसून मी गप्प राहणार नाही. मराठीच्या दारात उभं राहून कोण आतला आणि कोण पाहुणा हे ठरवणारी माणसं पूर्वीही होती, मीही त्यांच्यातलाच एक होतो. पण त्यांच्या परवानगीसाठी फिलोमिना मिस्किटा कधी थांबली नव्हती. ती आतच जन्मली होती.

परवा शनिवारी दुपारी माझ्या फोनवर ग्लोरियाचा संदेश आला. एरवी ती इंग्रजी अक्षरांत लिहिते. हा देवनागरीत होता. बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलेला असणार. "काका उद्या बायची महिन्याची मिसा आहे. साडेआठ वाजता देवलात या." मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, त्यातला एक स गळला होता. 'काका'नंतर स्वल्पविराम हवा होता. आणि ळच्या जागी ल होता; ती चूक होती की आजीचं बोलणं, ते मी विचारलं नाही. सवयीने हात पेनाकडे गेला होता, तो मागे घेतला.

इतकी वर्षं रविवारी फिलूबायची मिस्सा सुटेपर्यंत मी ओट्यावर बसून तिची वाट बघत आलो. काल नाही बसलो. सव्वाआठलाच देवलात गेलो.